डोळ्यांवर चालणारं घर

"घ्या की बाळ, अजून एक लाडू घ्या," म्हणत शालनमावशीनं रिकामी ताटली माझ्या धाकट्या भावाच्या, दिगूच्या नाकासमोर धरली.

दिगूनं ताटलीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पापण्या जागच्या हलल्या नाहीत.

"नको, पोट भरलं," दिगू म्हणाला.

"अगं बाई, असं कसं? वाढत्या वयाची मुलं तुम्ही! घ्या, घ्या!" मावशीनं आग्रह चढवला.

आता आईनं पापण्या सावकाश मिटल्या आणि उघडल्या. दिगूनं हवेतला लाडू उचलला, तोंडात टाकला आणि ओठ मिटून, आवाज न करता चावून दाखवला. वर पुन्हा "छान झालाय हं काकू" असंही म्हणाला. मावशी फिस्सकन हसली. आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी मावशी ताटली घेऊन गप्प उभी राहिली.

ही आमची रंगीत तालीम चालली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गडहिंग्लजला देसायांचं घर बघायला निघणार होतो. शालनमावशी आईची धाकटी बहीण. दोघींचे आईवडील लवकर गेले, त्यामुळे मावशी आमच्याकडेच कऱ्हाडला राहायची, ब्लाउज शिवायची, आणि तिचं लग्न हा आईच्या जिवाला लागलेला घोर होता. याआधी दोन ठिकाणी बोलणी होता होता फिसकटली होती. देसाई मात्र येऊन मुलगी बघून गेले होते, पसंत म्हणाले होते. आता मावशीला घरी ठेवून आम्ही जायचं, घर बघायचं, आणि पटलं तर तिथेच होकार देऊन मोकळं व्हायचं.

"बघायला आपण जातोय हे खरं," आई म्हणायची, "पण तेही आपल्याला बघणारच. मुलं म्हणजे घराची वानगी. ही पोरं तिथं धसमुसळी वागली, की लोक म्हणणार, जिची भाची अशी, ती मावशी कशी असेल!"

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते आणि वानगी होणं मला मुळीच मान्य नव्हतं. पण आमच्या घरात मान्य-अमान्य बोलायची पद्धतच नव्हती. आमचं घर आईच्या डोळ्यांवर चालायचं. तिची एक भुवई वर गेली की वाकून नमस्कार करायचा. पापण्या सावकाश मिटल्या की घ्यायला, बोलायला, उठायला परवानगी. डोळे मोठे झाले की घरी गेल्यावर तुमची धडगत नाही. आणि ती नुसतीच टक लावून बघायला लागली, तर आपलं काय चुकलं ते आपणच शोधून काढायचं. हा सगळ्यात वाईट प्रकार.

चारचौघांत मुलांवर ओरडणं आईला अजिबात खपायचं नाही. "ओरडून वळण लावायचं म्हणजे आपलीच लक्तरं वेशीवर टांगायची," असं तिचं ठाम मत. प्रवासात तर तिचा सारा कारभार बिनबोभाट चालायचा. एस्टीत म्हातारं माणूस चढलं की आईचे डोळे आमच्याकडे वळायचे आणि आम्ही उठून उभे राहायचो. कुणाचा डबा उघडला की ते खिडकीकडे वळायचे, आणि आम्ही मान फिरवून बाहेरची शेतं बघायचो. लोक म्हणायचे, "काय गुणी मुलं हो तुमची!" गुणी कसली, आम्ही सारखे आईकडे बघत असायचो, एवढंच.

आणि एकट्या आम्हीच नव्हे. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. ऑफिसात साहेबाच्या तोंडाकडे आणि घरी आईच्या डोळ्यांकडे बघून त्यांचं सुखानं चाललं होतं.

तर तालीम झक्क झाली. आणि सकाळी उठून बघतो तो काय! आईच्या उजव्या डोळ्यावर ही एवढी रांजणवाडी. पापणी सुजून बोरासारखी झालेली, डोळा अर्धा मिटलेला. मावशीनं लवंग उगाळून लावली, बाबांनी गरम कपड्यानं शेकायला सांगितलं. काही उपयोग नाही.

"अक्का, पुढच्या आठवड्यात जा की," मावशी म्हणाली.

"आणि त्यांना काय कळवू? माझ्या डोळ्यावर पुळी आली म्हणून? लोक म्हणतील, घर बघायला यायचं तर कां कू करतायत." आई हटायला तयार नव्हती. "पण असं ध्यान घेऊन त्यांच्या दारात उभी राहू तरी कशी?"

मग बाबा गेले आणि ऑफिसच्या जीपच्या ड्रायव्हरचा काळा चष्मा मागून घेऊन आले. भला मोठा, कोळशासारखा काळा. आईनं तो घातला, आरशात पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला."

काय होऊन बसलंय ते त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

ते आलं एस्टीत, उंब्रजही मागे पडायच्या— छे, उंब्रज तर उलट्या दिशेला; माझा भूगोल तेव्हापासूनच कच्चा आहे. कोल्हापूरच्या वाटेवर म्हणू या. शेजारच्या बाकावर एक आजीबाई होत्या. त्यांनी पिशवीतून भाजक्या शेंगा काढल्या आणि दिगूपुढे मूठ धरली. "घे रं बाळा."

दिगूनं रिवाजाप्रमाणे मान वर करून आईकडे पाहिलं. आईचे डोळे नव्हतेच तिथे. दोन काळ्या काचा होत्या आणि त्यांत दोन छोटे छोटे दिगू. त्यानं मान डावीकडे करून पाहिलं, उजवीकडे करून पाहिलं. काही कळेना. शेवटी, नको म्हणाली नाही म्हणजे हो, असा अर्थ लावून त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली.

आई खाकरली.

"खोकला झाला का गं?" बाबा म्हणाले. "तरी मी म्हणत होतो, खिडकी लावून घे."

दिगूनं शेंगा फोडल्या, टरफलं खाली टाकली आणि आजीबाईंना विचारलं, "अजून आहेत?" आई आणखी जोरात खाकरली. आजीबाईंना दया आली. त्यांनी पिशवीत हात घालून खडीसाखरेचा खडा काढला आणि आईला दिला. "दाढेखाली धर गं लेकी." तो खडाही आईच्या हातातून दिगूनंच घेतला आणि खाल्ला.

मला आधी हसू आलं, मग एकदम ध्यानात आलं. देसायांच्या घरी काय होणार?

कोल्हापूरला गाडी बदलताना आईनं आम्हाला स्टँडच्या कोपऱ्यात घेतलं. "आज माझ्या डोळ्यांवर राहू नका. शिकवलंय तेवढं आठवा. मावशीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"आणि आठवलं नाही तर?" मी विचारलं.

"तर गप्प बसा."

"मी पण?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही तर आधी!" आई म्हणाली.

देसायांचं घर नवं, स्लॅबचं, लखलखीत. फरशी अशी पुसलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. दारातल्या चपलासुद्धा एका रांगेत. समोरच वेताच्या खुर्चीत नवऱ्या मुलाच्या आई, देसाईकाकू, ताठ बसलेल्या. बाजूला देसाईकाका, त्यांच्या पलीकडे नवरा मुलगा अरविंद. तो साखर कारखान्यात नोकरीला होता. दिसायला गोरागोमटा, केस चापून बसवलेले. आतल्या दाराशी थोरल्या सूनबाई उभ्या. थोरला मुलगा कामावर गेला होता. एवढी माणसं, पण घरात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. आईला हवं होतं ते अगदी असंच घर. चष्म्याआडून ती खूश झालीय हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"माफ करा हं, रांजणवाडी आलीय, म्हणून हे असलं काहीतरी," तिनं चष्म्याकडे बोट केलं.

"असू दे, असू दे. बसा," काकू म्हणाल्या. "या पावणं, तुम्ही असं वर बसा."

लाडू आले, चिवडा आला. दिगूनं 'नको' म्हणायचं होतं तेव्हा 'हो' म्हटलं आणि लाडू खाऊन झाल्यावर आठवून 'नको' म्हटलं. बाबांनी गप्प बसायचं म्हणून तोंड चिवड्यात गुंतवलं. पण चिवडा इतका चांगला होता की त्यांची जीभ सैल झाली. बढती कशी तोंडाशी येऊन अडकली, साहेब कसा पाताळयंत्री आहे, सगळं रामायण सुरू झालं. आई खाकरून खाकरून थकली. काकूंनी तिच्यासाठी कोमट पाणी मागवलं.

आता माझं सांगते. मला आईचे डोळे बघायची इतकी सवय होती की त्यांच्यावाचून मला बसता येईना. पाय हलवू का नको, पंख्याकडे बघू का नको? मी उगीच एकेकाच्या तोंडाकडे बघत सुटले. आणि बघता बघता मला सापडलं!

काकूंनी स्टुलाकडे पाहिलं. सूनबाईंनी लगेच स्टूल उचलून आईजवळ ठेवलं. काकूंची एक भुवई वर गेली. अरविंद उठला आणि बाबांना वाकून नमस्कार केला. मी चाटच पडले. अहो, ही तर आमचीच भाषा! बोली जरा वेगळी असेल, पण भाषा तीच. मला जो काही आनंद झाला म्हणता! परक्या मुलखात आपल्या गावचं माणूस भेटावं तसं झालं.

बाबांनी अरविंदला विचारलं, "काय, कारखान्यातलं काम कसं काय वाटतं?"

अरविंदनं आपल्या आईकडे पाहिलं. काकूंच्या पापण्या सावकाश मिटल्या.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"सिनेमा-बिनेमा बघता का नाही?"

पुन्हा तिकडे नजर. या खेपेला पापण्या हलल्या नाहीत.

"नाही बघत."

मी दिगूला कोपरानं ढोसलं आणि त्याच्या कानात म्हटलं, "आता बघ, ते काका दुसऱ्या लाडवाला हात पुढे करतील आणि मागे घेतील." देसाईकाकांनी हात पुढे केला, काकूंकडे पाहिलं आणि हात मांडीवर परत आणला. दिगू हरखून गेला. मग आम्ही दोघं खेळच खेळायला लागलो. आता कोण उठणार, आता कोण बोलणार, आता कोण गप्प बसणार. एकदाही चुकलो नाही.

तेवढ्यात आई सूनबाईंकडे वळली. "तुमचं माहेर कुठलं हो?"

सूनबाईंनी काकूंकडे पाहिलं. पापण्या हलल्या नाहीत. सूनबाई पदराचं टोक धरून उभ्या राहिल्या.

"चिकोडीकडचं," काकूंनी सांगितलं.

"मग वरचेवर जाणं होत असेल. जवळच की." आई अजून त्यांच्याकडेच बघत होती.

सूनबाईंनी पुन्हा काकूंकडे पाहिलं. काकू आता नुसत्याच टक लावून बघत होत्या. सूनबाई मान खाली घालून फरशीकडे बघायला लागल्या.

"तिलाच इथं करमतं," काकू म्हणाल्या.

आईला हे काही नीट दिसलं नसणार. एक डोळा सुजलेला, दोन्हींवर काळी काच. ती पुन्हा विचारणार असं वाटलं आणि मला त्या सूनबाईंची दया आली. आईला कळत कसं नाही! एरवी माझ्याकडे मोठे डोळे झाले असते आणि मी जीभ चावली असती. पण आज डोळे कुठे होते?

"आई, त्यांना नको ना विचारू," मी मोठ्यानं म्हणाले. "त्यांना परवानगी नाही मिळाली अजून."

बाबांच्या हातातला चिवडा हातातच राहिला.

"काय म्हणालीस गं?" काकूंनी विचारलं.

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी नीट समजावून सांगितलं. "पापण्या मिटल्या की बोलायचं असतं ना? तुमच्या मिटल्या नाहीत. म्हणून त्या बोलत नाहीत. आणि आता तुम्ही टक लावून बघताय, म्हणजे त्यांचं काहीतरी चुकलंय. काय ते त्या शोधतायत." मग उगाच वाईट दिसू नये म्हणून मी पुढे म्हणाले, "आमच्या घरी पण अस्संच असतं."

झालं! मावशीचं लग्न मी मोडलं, आता आपली काही खैर नाही, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. दिगू माझ्यापासून जरा दूर सरकला.

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. आणि हसल्या! चांगल्या मनापासून हसल्या.

"वा! पोरगी चलाख आहे हो तुमची. एवढ्या लहान वयात नजरेतलं कळतं म्हणजे घराला वळण आहे. नाहीतर हल्लीच्या पोरी, दहादा सांगा, कानात वारं शिरल्यासारख्या." त्या आईकडे वळल्या. "खरं सांगू? तुमची शालन बघायला आलो ना, तेव्हाच मी हे हेरलं होतं. काही विचारलं की ती आधी तुमच्याकडे बघायची. यांना मी गाडीतच म्हटलं, हीच पोरगी आपल्या घरात बसेल. तिला काही नवीन शिकवायला नको. आत्ता तुमच्याकडे बघते, उद्या माझ्याकडे बघेल. एवढाच काय तो फरक."

देसाईकाकांनी मान डोलावली. अरविंदनंही डोलावली.

"मग? आमच्याकडून पक्कं," काकू म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणा, की साखर वाटू."

बघा, काय गंमत! आई ज्यासाठी जिवाचं रान करत होती, ते आयतं पदरात पडत होतं. आता फक्त 'हो' म्हणायचं. बाबा आईच्या चष्म्याकडे बघत होते, मी बघत होते, दिगू बघत होता. काकूसुद्धा पुढे वाकून त्या काळ्या काचांत काही दिसतंय का ते बघत होत्या.

आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "घरी विचारून कळवतो."

"घरी कुणाला विचारायचं? थोरल्या तुम्हीच ना?"

"जिचं लग्न आहे, तिला," आई म्हणाली आणि उठली.

निघताना सूनबाई हळदकुंकू घेऊन दारापर्यंत आल्या. कुंकू लावून घ्यायला आईनं चष्मा काढला. काकू आतच होत्या. आईनं सूनबाईंचा हात धरून हळूच विचारलं, "माहेरी कधी गेला होता?"

सूनबाईंची मान सवयीनं मागे वळली. मागे कुणी नव्हतं. तेव्हा कुठे त्या बोलल्या. "भावाच्या लग्नालाही जायला मिळालं नाही, ताई."

त्यांनी पटकन आमच्या हातावर एकेक लाडू ठेवला आणि आत निघून गेल्या.

परतीच्या एस्टीत आईनं चष्मा घातलाच नाही. तो मांडीवर ठेवून ती खिडकीबाहेर बघत होती. मी चोरासारखी अंग आकसून बसले होते. घरी गेल्यावर पाठ सोलून निघणार याची खात्री होती. निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली आणि खिडकीखालून वडेवाला ओरडत गेला. गरम वड्यांचा वास असा काही आत आला की आम्हा तिघांचीही मान एकदम आईकडे वळली. माझी, दिगूची आणि बाबांची.

आईनं आमच्याकडे पाहिलं. एकेकाच्या तोंडावरून तिची नजर फिरली. बाबांवर येऊन ती थांबली.

"तुम्ही पण?" ती म्हणाली.

"नाही, म्हणजे... घेऊ का?" बाबांनी विचारलं.

आणि आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रांजणवाडीमुळे नव्हे, दोन्ही डोळ्यांतून येत होतं. बाबा पार घाबरले. "अगं, नको तर नको! मला काही एवढी भूक नाही."

"भूक लागलीय तर खा की हो! माझ्या तोंडाकडे काय बघताय सगळे? ती देसायांची सून दारात उभी होती, तिचं तोंड अगदी असंच दिसत होतं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आईअण्णा गेल्यावर आम्ही काकांच्या घरी होतो. दुसऱ्याच्या घरात तोंड उघडायची सोय नव्हती. शालन लहान. जास्त भाकरी मागायची, मोठ्यानं रडायची. मी तिला नुसत्या डोळ्यांनी गप्प करायला शिकले. तिला कुणी बोललं तर मला सहन झालं नसतं, म्हणून. पण तेव्हा गरज होती हो. आता इथं कुणाला घाबरतोय आपण?"

बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून वडे घेतले. कुणाला किती हवेत ते प्रत्येकाला तोंडी विचारून घेतले. आईनंही खाल्ले. दिगूनं खाताना मचमच आवाज केला. आईची नजर त्याच्याकडे वळलीच. मग ती म्हणाली, "दिगू, तोंड मिटून खा रे." तोंडानं म्हणाली, भर एस्टीत! पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं, पण आकाश काही कोसळलं नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. मावशी दारातच उभी होती. तिनं कुणाला 'कसं झालं?' असं विचारलं नाही. नेहमीप्रमाणे आईच्या डोळ्यांत बघितलं आणि उत्तर शोधायला लागली.

"बघू नकोस," आई म्हणाली. "तिथं नाही द्यायची तुला. माणसं वाईट नाहीत, पण नाही."

मावशीनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. तो आईनं ऐकला.

"म्हणजे तुला नकोच होतं?"

मावशी पुन्हा आईच्या तोंडाकडे बघायला लागली.

"अगं, बोल ना! हो म्हण, नाही म्हण. तुला काय हवंय ते कधी सांगितलंस का?"

"तू कधी विचारलंस, अक्का?"

आई उभी होती ती मटकन पाटावर बसली. मग तिनं काय केलं असेल? उठली, पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड, आमच्याकडे पाठ करून बसली. "हं. आता नाही ना दिसत माझं तोंड? आता विचारते. तुला कोण हवंय?"

मावशीनं आमच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबांनी 'मला काही माहीत नाही बाबा' असे हात केले. मावशीनं पदर खोचला. शेवटी आईच्या पाठीला म्हणाली, "हायस्कूलातले ड्रॉइंगचे मास्तर."

"कोण? तो मुळीक?"

"हो."

"तो कुठं भेटला तुला?"

"त्यांच्या आईचे ब्लाउज शिवायला घेऊन येतात. सारखे येतात. आता त्या म्हातारीला जन्मभर पुरतील एवढे झालेत."

आई भिंतीकडे तोंड करून बसलेलीच. "अगं, पण तो बशीत चहा ओतून फुर्रफुर्र करत पितो! गणपतीच्या वर्गणीला आला होता तेव्हा सगळ्या आळीला ऐकू गेलं."

"हो, पितात," मावशी म्हणाली. "पण मी एकदा मोठ्यानं हसले, तर म्हणाले, परत हसा."

आईची पाठ हलायला लागली. रडतेय का हसतेय ते आम्हाला कळेना, आणि पुढे जाऊन तिच्या तोंडाकडे बघायची कुणाची हिंमत होईना. शेवटी दिगूच गेला, वाकून बघून आला आणि म्हणाला, "दोन्ही करतेय."

मग आईनं पदरानं नाक पुसलं आणि भिंतीकडेच बघत म्हणाली, "रविवारी बोलाव त्याला. आणि सांग, आमच्याकडं चहा कसा प्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं."